हिवाळ्यात जिंकलेली शर्यत

'हंगाम' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ वेळ, ऋतू. 'हंगामा' हा त्याचाच भाऊबंद; त्याचा अर्थ गर्दी आणि गोंगाट. मराठीने दोन्ही शब्द घेतले आणि कामाला लावले. उसाच्या गाळपाचा हंगाम असतो, आंब्याचा असतो, तमाशाच्या फडांचाही असतो. यातल्या कुठल्याही हंगामाशी ज्याचा जवळून संबंध आला आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. हंगाम सुरू होतो तेव्हा निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असतं. साखर कारखान्याचं धुराडं दिवाळीच्या आसपास पेटतं, पण पावसाळाभर आत यंत्रं खोलून, घासून, पुन्हा जोडून ठेवणं चाललेलं असतं. फड दसऱ्याला बाहेर पडतो, पण त्याआधी कितीतरी दिवस ढोलकीवाला आणि नाचणाऱ्या बाया घाम गाळत असतात. त्या सरावाला तिकीट नसतं आणि टाळ्याही नसतात.

मोटारसायकलच्या शर्यतींचाही असाच हंगाम असतो. जुन्या काळी तो युरोपातल्या वसंतात सुरू व्हायचा आणि शरदात संपायचा. वर्तमानपत्रांत छापून यायचा तो मधला हंगामा. कोण जिंकलं, कोण पडलं, कुणी कुणाला शेवटच्या वळणावर गाठलं. पण संघांचे तंत्रज्ञ आणि स्वार हिवाळ्यात बंद दाराआड काय करत होते, हे कळायला कधीकधी पुष्कळ वर्षं लागतात. अशाच एका हिवाळ्याची हकिकत आज मला सांगायची आहे. १९६१ सरता सरता सुरू झालेला आणि १९६२च्या हंगामापाशी संपलेला तो हिवाळा. त्याने मोटारसायकलच्या जगाची दिशा बदलली.

कवितेच्या नादी लागलेल्या, बी. ए. झालेल्या माणसाला इंजिनांची ही उठाठेव कशाला, असं कुणी विचारील. त्याचं साधं कारण म्हणजे आवाज. मी मागांच्या गावात वाढलो. मागाचा ठेका मला कवितेच्या आधी कळला. कॉलेजच्या दिवसांत त्या ठेक्यात आणखी एक आवाज येऊन मिसळला, तो म्हणजे यामाहा आरएक्स १००चा. ती गाडी भारतात १९८५ साली आली आणि १९९६पर्यंत बनत राहिली. आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या चाचांना दोन गल्ल्या पलीकडून येणाऱ्या आरएक्सच्या आवाजावरून तिची तब्येत कळायची. ते म्हणायचे, या गाडीचा जीव इंजिनात नाही, पुंगळीत आहे. ते किती खरं बोलत होते हे मला पुढे इतिहास वाचताना कळलं. आणि त्या पुंगळीची वंशावळ शोधत गेलो, तर ती जर्मनीतल्या चोपाऊ नावाच्या एका लहानशा गावात जाऊन पोचली.

चोपाऊ हे सॅक्सनी प्रांतातलं, डोंगराच्या कुशीतलं गाव. तिथे डीकेडब्ल्यू या कंपनीचा मोटारसायकलींचा कारखाना होता. १९२०च्या दशकाच्या अखेरीला ही जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल कंपनी समजली जायची. तिची खासियत टू-स्ट्रोक इंजिन. १९३९मध्ये तिने आरटी १२५ नावाची एक हलकी, साधी, सुटसुटीत गाडी काढली. मग महायुद्ध झालं, जर्मनी हरली, चोपाऊ रशियनांच्या ताब्यातल्या भागात गेलं. नुकसानभरपाई म्हणून कारखान्यातली यंत्रं उचलून सोव्हिएत संघात नेण्यात आली. आणि आरटी १२५चा आराखडा जेत्यांनी आपसात वाटून घेतला. इंग्लंडमध्ये ती बीएसएची बँटम झाली, अमेरिकेत हार्लेने तिची आपली आवृत्ती काढली, रशियात ती मॉस्क्वा नावाने धावली. जपानमध्ये हमामात्सू गावी वाद्यं बनवणारी एक कंपनी होती, ऑर्गन आणि पियानो तयार करणारी. तिने १९५५ साली आपली पहिली मोटारसायकल काढली, तीही याच आरटी १२५च्या नमुन्यावर. ती कंपनी म्हणजे यामाहा.

म्हणजे चोपाऊची विद्या एकदा आधीच जगभर गेली होती, आणि त्याला कुणी चोरी म्हटलं नव्हतं. युद्ध जिंकलेल्यांनी घेतलेल्या वस्तूला वेगळा शब्द असतो.

उरलेल्या भिंतींमध्ये चोपाऊच्या कामगारांनी पुन्हा कारखाना उभा केला. त्याचं नाव पुढे एमझेड झालं. १९५३मध्ये तिथल्या शर्यत विभागाची सूत्रं वाल्टर काडेन नावाच्या अभियंत्याकडे आली. काडेन त्याच मुलुखातला, १९१९ साली जन्मलेला. युद्धाच्या काळात त्याने विमानातून सोडायच्या अस्त्रांच्या कामावर नोकरी केली होती. आता त्याच्या हाताशी होती थोडी माणसं, थोडी यंत्रसामग्री आणि पूर्व जर्मनीतली टंचाई. चांगलं पोलाद नाही, चांगली साखळी नाही, परकीय चलन नाही. समोर होत्या इटलीच्या श्रीमंत कंपन्या आणि त्यांची फोर-स्ट्रोक इंजिनं. टू-स्ट्रोकला तेव्हा शर्यतीत कुणी फारसं विचारत नव्हतं.

का विचारत नव्हतं, हे थोडक्यात सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला धूर बाहेर जाणं आणि पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येणं ही दोन्ही कामं जवळजवळ एकाच वेळी चालतात. साहजिकच पाहुण्यांना निरोप देताना घरची पोरंही दाराबाहेर पळावीत, तसं धुराबरोबर ताजं मिश्रणही निसटून जातं. पेट्रोल वाया, ताकद वाया. काडेनने या दुखण्यावर औषध शोधलं ते धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, म्हणजे आपल्या पुंगळीत.

तुम्ही विहिरीत डोकावून हाक मारली आहे ना? हाक खाली जाते आणि परत येते. इंजिनातून धूर सुटतो तेव्हा त्याच्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी पुढे रुंद होत गेली, तर एक ओढ मागे येते आणि ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते. तीच नळी पुढे पुन्हा निमुळती केली, तर लाट तिथे आपटून परत फिरते आणि दाराबाहेर पडलेल्या ताज्या मिश्रणाला ढकलून पुन्हा सिलिंडरमध्ये घालते. नेमक्या त्याच क्षणी पिस्टन वर येऊन दार बंद करतो. सगळा खेळ वेळेचा. नळी बोटभर लांब झाली की लाट उशिरा पोचते, बोटभर आखूड झाली की लवकर. बासरीवाल्याला भोकांचं माप जपावं लागतं, तसंच हे काम.

या कल्पनेची बीजं आधीही होती. आत मिश्रण घेण्यासाठी दारावर फिरणारी चकती बसवण्याची युक्ती डॅनियल झिमरमान नावाच्या दुसऱ्या पूर्व जर्मन तंत्रज्ञाने त्याच सुमारास यशस्वी केली होती. काडेनने ती घेतली, तिला आपल्या नळीची जोड दिली, पिस्टनसमोर मिश्रणासाठी आणखी एक वाट काढली, आणि नळीतल्या लाटा उपकरणावर तपासत हिवाळ्यामागून हिवाळे तो मापं बदलत राहिला. एका हिवाळ्यात थोडी ताकद वाढायची, पुढच्या हंगामात इंजिन तापून सीझ व्हायचं, मग पुढचा हिवाळा त्याच्या दुरुस्तीत. टू-स्ट्रोकचे स्वार तेव्हा डाव्या हाताची बोटं सदैव क्लचवर ठेवून गाडी चालवायचे, कारण इंजिन कधी जाम होऊन मागचं चाक अडकवील याचा भरवसा नसे.

अशी आठ वर्षं गेली. १९६१मध्ये काडेनचं १२५ सीसीचं इंजिन मिनिटाला १०,८०० फेऱ्यांवर २५ अश्वशक्ती द्यायला लागलं. म्हणजे एका लिटरच्या हिशेबाने २०० अश्वशक्ती. हवा बळजबरीने आत कोंबणारा पंप न लावता तोवर कुठल्याही इंजिनाने एवढी मजल मारली नव्हती. तुलना करायची तर आपली आरएक्स १००, जिच्या वेगाची पोरं शपथ घ्यायची, ती साधारण ११ अश्वशक्तीची होती आणि काडेनच्या इंजिनानंतर चोवीस वर्षांनी आपल्याकडे आली होती.

आता याच काळात जपानमध्ये काय चाललं होतं ते पाहू. मार्च १९५४मध्ये सोइचिरो होंडा यांनी जाहीर केलं, की आपण आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरणार. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं हे बेट. तिथल्या साध्या रस्त्यांवर होणारी टीटी ही शर्यत त्या काळी जगातली सर्वांत मानाची आणि सर्वांत जीवघेणी. होंडा कंपनी तेव्हा पैशांच्या अडचणीत होती. त्याच वर्षी जूनमध्ये साहेब स्वतः बेटावर शर्यत बघायला गेले आणि हादरले. तिथल्या जर्मन इंजिनांची ताकद त्यांच्या इंजिनांच्या कितीतरी पट होती. परत येताना त्यांनी सामानात युरोपातल्या साखळ्या, चाकांच्या रिमा, कार्बोरेटर असे सुटे भाग आणले. आणि मग गाजावाजा न करता पाच वर्षं तयारी केली. तयारी कसली, तर इंजिनाच्या प्रत्येक भागाची. शिवाय स्वारांचीही. जपानमध्ये तेव्हा असामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी राखेच्या कच्च्या वाटेवर शर्यती होत. त्या राखेत तयार झालेली पोरं डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीला न्यायची होती.

जून १९५९मध्ये ती पोरं बेटावर उतरली. शर्यतीच्या कितीतरी दिवस आधी येऊन रस्त्याचं वळण न् वळण त्यांनी पाठ केलं. १२५ सीसीच्या शर्यतीत नाओमी तानिगुची सहावा आला, त्याचे साथीदार सातवे, आठवे आणि अकरावे. संघाचं बक्षीस होंडाला मिळालं. त्या शर्यतीत पहिली आली इटलीची एमव्ही अगुस्टा. आणि दुसरी? चोपाऊची एमझेड. दोन वर्षांनी, जून १९६१मध्ये त्याच बेटावर होंडाच्या गाड्यांनी १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांत पहिली पाचही स्थानं घेतली. हा पाच हिवाळ्यांचा पाया आणि त्यावरचे दोन मजले.

पण हमामात्सूत आणखी एक कंपनी होती. तिचा इतिहास वाचताना माझ्यासारख्या मागांच्या गावातल्या माणसाला आपलेपणा वाटला. १९०९ साली मिचिओ सुझुकी यांनी तिथे हातमाग आणि यंत्रमाग बनवायचा कारखाना काढला होता. युद्धानंतर मागांच्या धंद्यात मंदी आली तेव्हा ती सुझुकी कंपनी मोटारसायकलींकडे वळली. तिच्या गाड्या टू-स्ट्रोक. १९६० आणि १९६१ अशी दोन वर्षं सुझुकीचा संघ आइल ऑफ मॅनला गेला आणि दोन्ही वर्षी आघाडीच्या आसपासही पोचला नाही. होंडा जगज्जेतेपदाच्या दारात आणि त्याच गावातली सुझुकी रिकाम्या हाताने परत. सुझुकीला पाच हिवाळे थांबायची तयारी नव्हती. तिला एकाच हिवाळ्यात आठ वर्षांचं अंतर कापायचं होतं. ते कसं कापलं, याची गोष्ट एका माणसाची आहे.

अर्न्स्ट डेग्नर हा एमझेडचा पहिल्या क्रमांकाचा स्वार. जन्म १९३१चा. नुसता गाडी हाकणारा नव्हे, इंजिन जाणणारा. काडेन बनवायचा आणि डेग्नर चालवून सांगायचा, की लाट कुठे चुकते. १९६१च्या हंगामात १२५ सीसीच्या जगज्जेतेपदासाठी त्याची आणि होंडाच्या टॉम फिलिस या ऑस्ट्रेलियन स्वाराची झुंज लागली होती. जुलैअखेर डेग्नरने आपल्याच मुलखातली, झाक्सनरिंगची शर्यत जिंकली. १२ ऑगस्टला उत्तर आयर्लंडमध्ये शर्यत होती. १३ ऑगस्टला बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली.

भिंतीने सगळंच बदललं. शर्यतीच्या निमित्ताने पश्चिमेकडे जाऊ शकणाऱ्या मोजक्या पूर्व जर्मन लोकांपैकी डेग्नर एक होता. पण बायको आणि दोन लहान मुलगे भिंतीच्या आत. त्याची आणि सुझुकीची बोलणी आधीच झाली होती. ३ सप्टेंबरला त्याने इटलीत मोंझाची शर्यत जिंकली. १७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये क्रिस्टियानस्टाड इथे पुढची शर्यत होती. ती जिंकली असती तर जगज्जेतेपद त्याचं आणि चोपाऊचंही झालं असतं. त्या दिवसाच्या आसपास त्याची बायको आणि मुलं एका मोटारीत लपून सीमेपार गेली. मुलांनी आवाज करू नये म्हणून त्यांना झोपेचं औषध दिलेलं होतं. तिकडे शर्यतीत डेग्नरचं इंजिन निकामी झालं. शर्यत संपल्यावर तो आपल्या संघाकडे परतलाच नाही. आगबोटीने डेन्मार्क आणि तिथून पश्चिम जर्मनी असा तो निघून गेला. हंगामाची शेवटची शर्यत ऑक्टोबरमध्ये अर्जेंटिनात झाली. तिथे डेग्नर उतरू शकला नाही, फिलिस जिंकला आणि जगज्जेता ठरला.

नोव्हेंबरमध्ये डेग्नर हमामात्सूला पोचला आणि तो हिवाळा सुरू झाला.

विचार करा मित्रहो, त्या कारखान्यात काय दृश्य असेल. भाषा येत नाही असा एक जर्मन, आणि त्याच्याभोवती सुझुकीचे तरुण अभियंते. हातवारे, आकृत्या, आकडे. चकतीचं दार किती अंशांवर उघडायचं, पिस्टनसमोरची वाट कुठे कापायची, नळी कुठे रुंद आणि कुठे निमुळती करायची. काडेनला यातल्या प्रत्येक मापासाठी वर्षं मोजावी लागली होती. चुकलेली मापं कुठली, हेही डेग्नरला ठाऊक होतं. कारागिराला विचारा, तो सांगेल, की बरोबर मापापेक्षा चुकीच्या मापांची यादी जास्त मोलाची असते. ती कागदावर नसते, माणसात असते.

पण सगळं श्रेय या उसन्या विद्येला देणंही बरोबर नाही. सुझुकीकडे जे होतं ते चोपाऊकडे कधीच नव्हतं. उत्तम धातू, उत्तम यंत्रं, पैसा, आणि दिवसरात्र काम करणारी माणसं. काडेनच्या कल्पनेला तिचा लायक देह हमामात्सूत मिळाला. १९६२च्या हंगामात ५० सीसीचा नवा गट जागतिक स्पर्धेत पहिल्यांदाच आला होता. ५० सीसी म्हणजे किती? आपली लुना आठवा. तेवढंच इंजिन. जर्मनीच्या क्रायडलर कंपनीने एवढ्याशा गाडीला बारा गिअर लावले होते, कारण अशी इंजिनं वेगाच्या एका चिंचोळ्या पट्ट्यातच जीव धरतात आणि स्वाराला सतत त्या पट्ट्यात राहावं लागतं. पहिल्या दोन शर्यती, स्पेनची आणि फ्रान्सची, क्रायडलरनेच जिंकल्या. हिवाळ्याची तयारी मैदानात उतरल्याबरोबर फळाला येतेच असं नाही. पुन्हा मापं, पुन्हा दुरुस्त्या.

आणि मग जून १९६२, आइल ऑफ मॅन. एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची, डोंगरातून. अशा दोन फेऱ्या लुनाएवढ्या इंजिनावर, ताशी सरासरी १२० किलोमीटरच्या आसपास वेगाने पुऱ्या करून डेग्नर पहिला आला. १९३८नंतर टीटीत टू-स्ट्रोक जिंकण्याची ही पहिलीच वेळ. १९३८चा तो विजयही डीकेडब्ल्यूचाच, म्हणजे चोपाऊचाच होता. डेग्नरने पुढे हॉलंड, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनी अशा लागोपाठ शर्यती जिंकल्या आणि वर्षअखेरीला ५० सीसीचं जगज्जेतेपद घेतलं. सुझुकीचं हे पहिलं जगज्जेतेपद आणि टू-स्ट्रोक इंजिनाचंही. त्याच हंगामातली एक शर्यत झाक्सनरिंगला होती. वर्षभरापूर्वी जिथे त्याच्या गावच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, तिथे तो पाऊलही ठेवू शकत नव्हता.

ज्या आठवड्यात डेग्नर बेटावर जिंकला, त्याच आठवड्यात, ६ जून १९६२ रोजी, त्याच रस्त्यावर दुसऱ्या एका शर्यतीत टॉम फिलिस पडला आणि मरण पावला. १९६१चं जगज्जेतेपद त्याच्या वाट्याला आलं, पण ते मिरवायला त्याला आठ महिनेसुद्धा मिळाले नाहीत.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. नोव्हेंबर १९६३मध्ये जपानच्या सुझुका मैदानावर २५० सीसीच्या शर्यतीत डेग्नरची गाडी कोसळली, पेट्रोल पेटलं आणि तो भयंकर भाजला. त्वचारोपणाच्या पन्नासाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तो परत आला, काही शर्यती जिंकलाही, पण १९६६मध्ये थांबला. १९८३ साली टेनेरिफ बेटावर वयाच्या एकावन्नाव्या वर्षी तो गेला. सुझुकाच्या मैदानावर एका वळणाला आजही त्याचं नाव आहे. आपल्याकडच्या घाटात दरीवरच्या वळणाला तिथे घसरलेल्या माणसाचं नाव पडतं, तसंच.

आणि काडेन? तो चोपाऊतच राहिला. भिंत उभी राहिल्यावर पाश्चात्त्य देशांनी पूर्व जर्मन खेळाडूंना प्रवेशाचे परवाने नाकारायला सुरुवात केली. एमझेडला निम्म्या शर्यतींना जाता येईना. कधी एखादा परदेशी स्वार त्याची गाडी चालवायचा. १९६३मध्ये माइक हेलवूडने झाक्सनरिंगला एमझेड चालवली आणि २५० सीसीची शर्यत जिंकून दाखवली. म्हणजे काडेनचं इंजिन अजूनही कुणाला हार जात नव्हतं. पण जगज्जेतेपद एमझेडला कधीच मिळालं नाही. १९९६ साली काडेन वारला. मधल्या काळात त्याच्या नळीने जग जिंकलं होतं. १९७५पासून २००१पर्यंत ५०० सीसीच्या सर्वोच्च गटातलं प्रत्येक जगज्जेतेपद टू-स्ट्रोक इंजिनाने घेतलं. यामाहा, सुझुकी, होंडा, नावं बदलत गेली. पुंगळी मात्र चोपाऊच्याच घराण्याची.

मग डेग्नर चोर होता का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. भिंतीआड कोंडलेल्या माणसाला बायकामुलांसह बाहेर पडण्याचा हक्क होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डोक्यातली विद्या सीमेवर उतरवून ठेवता येत नाही, हेही खरं. विद्या पसरते हा तिचा स्वभावच आहे. जेत्यांनी आरटी १२५ वाटून घेतली, होंडांनी पिशवीतून सुटे भाग आणले, काडेनने झिमरमानची चकती घेतली. आपल्या गाण्याच्या परंपरेत तर दाराआड उभं राहून उस्तादाची चीज उचलणाऱ्यांच्या कथा आपण कौतुकाने सांगतो.

पण त्या कथांमध्ये एक अट असते. चीज उचलणारा पुढे गाताना कानाची पाळी धरून उस्तादाचं नाव घेतो. इथे ते झालं नाही. शिवाय स्वीडनमधल्या त्या दुपारी मैदानाच्या कडेला चोपाऊचे काही तंत्रज्ञ उभे होते. आठ वर्षांचे हिवाळे त्यांचेही होते. त्यांच्या हातातोंडाशी आलेला घास त्या दिवशी गेला तो गेलाच. एका माणसाची सुटका आणि दहा माणसांचं नुकसान एकाच घटनेत असू शकतं. इतिहासाला यातली एक बाजू पुसून गोष्ट सोपी करण्याची घाई नसावी, एवढंच मला वाटतं.

आजचा हंगाम निराळा आहे. गाडीवर शेकडो गोष्टी मोजणारी यंत्रं असतात, संगणक लाटांचा हिशेब क्षणात करतो, हिवाळ्यात काही काळ सराव करायलाच नियमाने बंदी असते आणि फेब्रुवारीत मलेशियातल्या सेपांगला सगळे संघ जमतात. तरी हिवाळ्याचं महत्त्व गेलेलं नाही. २०२५च्या हंगामाआधीची गोष्ट घ्या. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीने नोव्हेंबर २०२४मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. तिचे तंत्रज्ञ आणि स्वार, पुढचा हंगाम होईल की नाही हे माहीत नसताना, गाड्या तयार करत राहिले. २५ फेब्रुवारी २०२५ला धनकोंनी तडजोड मान्य केली आणि २ मार्चला थायलंडमध्ये पहिल्या शर्यतीत केटीएमच्या गाड्या उभ्या राहिल्या. या कंपनीत २००७पासून भागीदार असलेल्या पुण्याच्या बजाज ऑटोने पुढे पैसा उभा केला आणि त्याच वर्षी कंपनीची सूत्रंही हाती घेतली. आकुर्डीच्या कारखान्याचा आणि जागतिक शर्यतीच्या हिवाळ्याचा असा थेट संबंध आता जुळला आहे. त्या हिवाळ्यात केटीएमच्या कामशाळेत पगाराची खात्री नसताना पाने फिरवत राहिलेल्या फिटरचं नाव मात्र आपल्याला माहीत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. कुठल्याही शर्यतीचा निकाल वाचाल तेव्हा जिंकलेल्याच्या नावाखाली थोडी मोकळी जागा कल्पनेने सोडा. १९६२च्या ५० सीसीच्या निकालात तिथे 'वाल्टर काडेन, चोपाऊ' असं लिहायला हवं. आमच्या चाचांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. पण आरएक्सची पुंगळी कानाशी धरून, बोटाने हलकेच टिचकी मारून ते ज्या गंभीर चेहऱ्याने आवाज ऐकायचे, तो चेहरा काडेनला नक्की ओळखीचा वाटला असता.